घमेल्यातला पुदिना : वास हवा, साचलेले पाणी नको

मंडईतून पुदिन्याची जुडी आणली की पुढे काय होते, ते प्रत्येक घराला माहीत आहे. पहिल्या दिवशी चटणी होते. उरलेली जुडी माठाशेजारी पडून राहते. दुसऱ्या दिवशी पाने काळी पडतात आणि तिसऱ्या दिवशी अर्धी जुडी कचऱ्यात जाते. मग पुन्हा महिनाभर पुदिना घरात येत नाही. खरे तर त्याच जुडीतल्या पाच-सहा काड्या वाचवल्या, तर वर्षातले बहुतेक दिवस पुदिना विकत आणावा लागत नाही.

त्यासाठी शेत लागत नाही, सातबारा लागत नाही. आपल्यातल्या कित्येक कुटुंबांच्या वाट्याला जमीन आलीच नाही. घर दहा बाय बाराचे, दारापुढे बोळ आणि बोळाच्या कडेने गटार. अशा घराच्या उंबऱ्याजवळही एक जुने घमेले मावते. पुदिन्याला तेवढे पुरते.

मात्र हे आरोग्याचे पान आहे, म्हणून दुसरी बाजूही आधीच सांगितली पाहिजे. पुदिना हे पाण्याची आवड असलेले रोप आहे आणि त्याचे पान आपण बहुतेक वेळा कच्चे खातो. कुंडीखाली पाणी साचले तर डास होतात. घाण पाणी घातले तर तेच पाणी चटणीतून पोटात जाते. म्हणजे पुदिना लावणे सोपे आहे, जपायचे आहे ते पाणी.

काडीपासून रोप

पुदिन्याचे बी शोधत बसू नये. जुडीतून जाड, ताज्या, न सुकलेल्या काड्या निवडाव्यात. जुडीत मुळे असलेली काडी मिळाली तर उत्तमच, ती थेट मातीत लावावी. मुळे नसतील तर चार-पाच इंचांची काडी पेराच्या जरा खाली कापावी. खालची पाने काढावीत, वरची चार-सहा ठेवावीत. काचेच्या ग्लासात दोन इंच पाणी घेऊन त्यात काड्या उभ्या कराव्यात. ग्लास उजेडात ठेवावा, कडक उन्हात नको. पाणी दर दुसऱ्या दिवशी बदलावे. साधारण आठ-दहा दिवसांत पेरातून पांढरी मुळे फुटतात. ती इंचभर झाली की काडी मातीत लावावी.

लावायला जून-जुलै किंवा ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. एप्रिल-मेच्या उन्हात नवी काडी तग धरत नाही. भीमजयंतीच्या सरबतासाठी घरचा पुदिना हवा असेल, तर काडी ६ डिसेंबरच्या आसपास लावून ठेवावी.

भांडे कोणते, माती कोणती

पुदिन्याची मुळे खोल जात नाहीत, आडवी पसरतात. म्हणून उंच बादलीपेक्षा पसरट भांडे बरे. बांधकामावरचे जुने घमेले, आडवा कापलेला पाच लिटरचा तेलाचा कॅन, गळके टोपले, काहीही चालते. खोली सहा ते आठ इंच असावी. तळाला बोट जाईल एवढी पाच-सहा भोके पाडावीत आणि त्यांवर कौलाचे किंवा फुटक्या माठाचे तुकडे ठेवावेत. भोके नसलेल्या भांड्यात पुदिना कुजतो.

एक भांडे मात्र कधीही वापरू नये, ते म्हणजे कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा डबा. तासगाव, मिरज, खानापूर या द्राक्षपट्ट्यात आणि उसाच्या सगळ्याच भागात आपली माणसे फवारणीला जातात. रिकामा डबा मजबूत दिसतो म्हणून घरी येतो. तो कितीही धुतला तरी त्यात पाणी, धान्य किंवा खाण्याचे रोप ठेवायचे नाही. रंगाच्या डब्यांचेही तेच.

कृष्णाकाठची काळी माती सुपीक असते, पण भांड्यात ती घट्ट बसते आणि पाणी धरून ठेवते. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू किंवा कुजलेले उसाचे पाचट असे मिश्रण करावे. शेण ताजे नको. त्यात जंतू असतात आणि हे पान आपण कच्चे खाणार आहोत. एका घमेल्यात तीन-तीन इंचांवर पाच-सहा काड्या पुरतात. त्याच घमेल्यात कोथिंबीर किंवा कढीपत्ता लावू नये, पुदिना सगळी जागा घेतो.

थोड्या जागेत, घरच्या कचऱ्यातून माती करून भाजी पिकवण्याचा विचार आपल्या भागाला नवा नाही. गणिताचे प्राध्यापक असलेले श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ ही चळवळ उभी केली. तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांना त्यांनी स्वतःच्या बागेत प्रयोग करायला, नोंदी ठेवायला आणि एकमेकांना सांगायला शिकवले. पालापाचोळा, घरातला ओला कचरा आणि मिळेल तेवढे ऊन यांच्या जोरावर साध्या कुटुंबालाही पुष्कळ पिकवता येते, हे ते सांगत राहिले. त्यांची शिकवण एका घमेल्यालाही लागू पडते. काडी कधी लावली, मूळ कधी फुटले, कुठल्या जागी वाढले, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी तेच उपयोगी पडते.

ऊन, कापणी आणि रोग

पुदिन्याला सकाळचे चार तास ऊन मिळाले तरी भागते. अरुंद बोळात ऊन कुठे आणि किती वेळ येते ते दोन दिवस पाहावे आणि घमेले तिथे ठेवावे. उन्हाळ्यात दुपारी सावली हवी. पत्र्यावर घमेले ठेवू नये, तापलेल्या पत्र्याने मुळे भाजतात. जमिनीवरही ठेवू नये. कुत्री, कोंबड्या आणि गटाराचे शिंतोडे यांपासून वाचवण्यासाठी दोन विटांवर किंवा कट्ट्यावर ठेवावे.

लावल्यापासून सहा-सात आठवड्यांत रोप सात-आठ इंच होते. तेव्हा पाने ओरबाडू नयेत. कात्रीने काडी कापावी आणि खाली दोन पेरे ठेवावीत. त्या पेरांतून दोन नव्या फांद्या फुटतात, म्हणून कापल्याने पुदिना दाट होतो. फूल येण्याआधी कापावे, तेव्हा वास सर्वांत चांगला असतो. पुढे दर दोन-तीन आठवड्यांनी कापणी मिळते. महिन्यातून एकदा मूठभर कुजलेले खत पुरेसे आहे.

वर्षभरात मुळांनी भांडे गच्च भरते, मधला भाग विरळ होतो आणि पाने बारीक येतात. तेव्हा सगळा गड्डा काढून त्याचे चार तुकडे करावेत. कडेचा जोमदार तुकडा नव्या मातीत लावावा आणि उरलेले शेजाऱ्यांना द्यावेत.

मावा पडला तर पाण्याचा फवारा मारून धुऊन टाकावा. पानांखाली नारिंगी ठिपके दिसले तर तो तांबेरा असतो. रोप जमिनीलगत कापून ती पाने दूर टाकावीत. शेतातले औषध घरच्या पुदिन्यावर मारायचे नाही.

दोन जिल्हे, तीन तऱ्हेचे पाणी

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत पावसाची तऱ्हा इतकी वेगळी आहे की सगळ्यांना एकच सल्ला देता येत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो.

जावळी, पाटण आणि सह्याद्रीच्या कडेच्या वस्त्यांत पुदिना पावसाळ्यात तहानेने नाही, सडून मरतो. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की घमेले पागोळीखालून काढून छपराखाली घ्यावे. वरून पाणी घालूच नये. माती काळी पडून आंबूस वास आला तर काही काड्या कापून नव्याने मुळे फोडावीत.

कृष्णा-वारणाकाठी प्रश्न पुराचा आहे. २००५, २०१९ आणि २०२१ हे पूर सांगलीकर विसरणार नाहीत. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. अशा वेळी जीव, कागदपत्रे आणि औषधे आधी. घमेल्याची चिंता करायची नाही. पाणी ओसरल्यावर मात्र लक्षात ठेवावे, की पुरात बुडालेला पुदिना धुऊनही खायचा नाही. त्या पाण्यात संडासाची घाण, मेलेली जनावरे आणि शेतातली औषधे मिसळलेली असतात. रोप आणि माती दोन्ही टाकून द्यावीत. घमेले साबणाने घासून कडक उन्हात वाळवावे आणि पूर न आलेल्या पाहुण्यांकडून नवी काडी आणावी. काडी वाटण्याची सवय असली, तर ती कुठे ना कुठे जिवंत असतेच.

माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागात प्यायच्या पाण्याचीच वाट पाहावी लागते. टँकरचे पाणी पुदिन्याला घाला असे कोणी सांगू नये. पण तांदूळ-डाळ धुतलेले पाणी आणि माठ धुताना ओतून दिले जाणारे शिळे पाणी रोज तांब्याभर तरी निघते. एका घमेल्याला ते चालते. भांड्यांचे, कपड्यांचे आणि अंघोळीचे साबणाचे पाणी नको. मातीवर पाचटाचा किंवा वाळक्या पाल्याचा दोन बोटे थर दिला की ओल टिकते. मे महिन्यात पाने सुकली तरी मुळे जिवंत असू शकतात. सावलीत ठेवून थोडी ओल राखली, तर पहिल्या पावसाला पुन्हा कोंब येतात.

पाणी किती घालावे, याची खूण सगळीकडे एकच आहे. बोटाचे पहिले पेर मातीत खुपसावे. माती कोरडी लागली तर पाणी द्यावे, ओली लागली तर देऊ नये.

डास पुदिन्याला घाबरत नाही

दारात पुदिना लावला की डास येत नाहीत, असे बरेच जण सांगतात. त्यावर विसंबू नये. कुंडीत उभ्या असलेल्या रोपाने घरातले डास पळत नाहीत. उलट कुंडीखाली ठेवलेली ताटली डासांना घर देते.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारापेक्षा स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. त्याला हौद लागत नाही. कुंडीखालची ताटली, टायर, नारळाची करवंटी, अगदी बाटलीच्या झाकणातले पाणीही त्याला पुरते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून दर आठवड्याला कोरडा दिवस पाळायला आरोग्य कर्मचारी सांगतात. आठ दिवसांच्या आत पाणी ओतले, तर अळीचा डास होतच नाही. पाण्याच्या कडेला चिकटलेली अंडी पाणी आटले तरी बरेच महिने टिकतात, म्हणून भांडे नुसते रिकामे करू नये, आतून घासावे.

पुदिन्यासाठी नियम सोपा आहे. घमेल्याखाली ताटली ठेवायचीच नाही, दोन विटा ठेवायच्या. मुळे फुटायला ठेवलेल्या ग्लासातले पाणी दर दुसऱ्या दिवशी बदलायचे. कोरड्या दिवशी माठ, बादल्या आणि पिंप घासताना निघालेले शिळे पाणी पुदिन्याच्या मातीत ओतायचे. त्यात अळ्या असल्या तरी मातीत त्या मरतात, गटारात ओतल्या तर जगू शकतात. कोरडा दिवस आणि पुदिन्याला पाणी घालण्याचा दिवस असा एकच होतो.

कच्चे पान, तीनदा धुतलेले पान

टायफॉइड, कावीळ, हगवण हे आजार दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतात. शिजवलेल्या भाजीतले जंतू आचेवर मरतात, चटणीतले मरत नाहीत. बाजारातली पालेभाजी कुठल्या पाण्यावर वाढली, ते आपल्याला कळत नाही. घरच्या पुदिन्याचा सर्वांत मोठा फायदा हाच, की पाणी आपण घातलेले असते. तो फायदा गटाराचे पाणी घालून घालवू नये.

पाने काडीवरून खुडून भरपूर पाण्यात बुडवावीत, हलवावीत आणि उचलून घ्यावीत. पाणी ओतून असे तीनदा करावे. शेवटचे पाणी पिण्याचे, शक्यतो उकळून गार केलेले असावे. मिठाच्या पाण्याने किडे निघतात, पण जंतू मरतील असे समजू नये. चटणी वाटतानाही पिण्याचेच पाणी घ्यावे. घरात फ्रिज नसेल तर चटणी त्याच दिवशी संपवावी.

ताटात काय पडते?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे ५४ जणींना रक्तक्षय आढळला. पुदिन्यात लोह असते, म्हणून तो खाल्ला की रक्त वाढते असे लगेच सांगितले जाते. आपण हिशेब करून पाहू. शंभर ग्रॅम पानांत साधारण आठ-नऊ मिलिग्रॅम लोह असते. पण चटणीतून एका माणसाच्या वाट्याला पाने येतात जेमतेम पाच ग्रॅम. म्हणजे लोह अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. तेव्हा पुदिना हा रक्तक्षयावरचा इलाज नाही. गरोदर बाईने आणि वयात आलेल्या मुलीने आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत.

मग उपयोग काय? पुदिन्याने साधे जेवण चविष्ट होते आणि ताटात चांगल्या गोष्टी जास्त जातात. ही चटणी करून पाहा. दोन मुठी पुदिना, मूठभर कोथिंबीर, अर्धी वाटी भाजलेले शेंगदाणे, तीन हिरव्या मिरच्या, पाच-सहा लसूण पाकळ्या, थोडे जिरे, मीठ. सगळे वाटून वर अर्धे लिंबू पिळावे. शेंगदाण्याने प्रथिने मिळतात आणि लिंबातल्या क जीवनसत्त्वाने भाकरीतले, भाजीतले लोह शरीराला जास्त मिळते. जेवणाला लागूनच चहा घेतला तर तोच फायदा कमी होतो, म्हणून चहा तासाभराने घ्यावा. ताकात चुरडलेली चार पाने, कैरीच्या पन्ह्यात थोडा पुदिना, मटणाच्या रश्श्यावर चिरलेली मूठभर पाने यांनीही चव बदलते. जास्त निघालेला पुदिना सावलीत वाळवून बरणीत भरावा. रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलेल्या माणसाचे जेवण पुदिना, लिंबू आणि लसूण यांनी बेचव लागत नाही.

औषध किती, समजूत किती?

वर ज्या दाभोळकर सरांचा उल्लेख आला, त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोळकर. ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारण्याची सवय त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातून महाराष्ट्राला लावली. पुदिन्याबद्दल सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींनाही तोच प्रश्न विचारला पाहिजे.

पुदिना थंड असतो का? बामातला आणि पेपरमिंटच्या गोळीतला गारवा मेन्थॉलचा असतो. ते मुख्यतः दुसऱ्या जातीच्या, जपानी पुदिन्यातून काढतात. उत्तर प्रदेशात बाराबंकी भागात त्याची मोठी शेती आहे. आपल्या मंडईतल्या पुदिन्यात मेन्थॉल फार थोडे असते, त्याचा वास कार्व्होन या घटकाचा असतो. मेन्थॉलही शरीर गार करत नाही. गारवा ओळखणाऱ्या नसांना ते चाळवते, म्हणून गार वाटते. हे ज्या शोधातून कळले, त्याबद्दल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून पुदिन्याचे सरबत बरे वाटते, पण ऊन लागलेल्या माणसाला सावलीत नेणे, अंग ओले करणे, वारा घालणे आणि दवाखान्यात पोहोचवणे याला ते पर्याय नाही.

पोट बिघडल्यावर पुदिना? जेवणानंतर पुदिन्याचे पाणी काहींना बरे वाटते. पण आंबट ढेकर आणि छातीत जळजळ होणाऱ्यांना पुदिन्याने त्रास वाढू शकतो. जुलाब लागलेल्या मुलाला पुदिन्याचा रस देत वेळ घालवू नये. ओआरएस द्यावे. ते मिळेपर्यंत एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. मूल सुस्त झाले, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त आले तर लगेच दवाखाना गाठावा.

तान्ह्या बाळाची सर्दी? हे सर्वांत महत्त्वाचे. दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाजवळ किंवा छातीवर मेन्थॉल-कापराचा बाम, पुदिन्याचे तेल चोळू नये. त्याने बाळाचा श्वास अडकू शकतो. कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येतात. आजीच्या मायेने केलेला उपायही इथे धोक्याचा ठरतो.

एक काडी शेजाऱ्याला

पुदिन्याने गरिबी जात नाही आणि आजारही जात नाहीत. पण महिन्याचे थोडे पैसे वाचतात, भाकरीबरोबर ताजी चटणी येते आणि खाल्लेले पान कोणत्या पाण्यावर वाढले ते आपल्याला माहीत असते. घमेल्याकडे रोज पाहणाऱ्या घराचे लक्ष शेजारच्या पिंपाकडे आणि टायरमधल्या पाण्याकडेही जाऊ लागते.

येत्या रविवारी विहारात येताना ज्यांच्याकडे पुदिना आहे त्यांनी पाच काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणाव्यात. ज्यांच्याकडे नाही त्यांनी त्या घेऊन जाव्यात. आणि परतताना आपल्या बोळात कुठे पाणी साचले आहे का, तेही पाहावे. दिसले तर कोणाची वाट न पाहता ओतून द्यावे.